स्कॉटिश नसताना किल्ट घालावा का?

पंचवटीकर

नमस्कार. ग्लासगोत नोकरीला आहे, मूळ गाव नाशिक. ऑफिसातल्या जवळच्या मित्राचं लग्न आहे, इन्व्हरनेसच्या पलीकडे डिंगवॉलच्या बाजूला, त्यांच्या गावच्या चर्चमध्ये. पाहुण्यांना जागेवर बसवायचं, कार्यक्रमपत्रिका वाटायच्या, म्हाताऱ्या माणसांना हात धरून आत न्यायचं, अशी कामं करायला इथे नवऱ्या मुलाच्या बाजूची तीनचार मुलं उभी असतात. त्यात त्याने मला घेतलंय. सगळ्यांचा पोशाख एकच, किल्ट, म्हणजे इथल्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा पोशाख. भाड्याने घ्यायचा आहे. त्याच्या आईने दुकानात माझं नावही देऊन टाकलंय.

लग्नाला नुसतं बोलावणं वेगळं आणि घरच्यांच्या रांगेत उभं करणं वेगळं. त्यामुळे मला मनापासून आनंद झाला. पण माप द्यायला जायची वेळ आली तसे प्रश्न पडायला लागले. टार्टन, म्हणजे किल्टच्या कापडाची चौकडी, ही घराण्याची खूण असते असं ऐकत आलोय. माझा त्या घराण्याशी काही संबंध नाही, या देशाचा पासपोर्टही नाही. गावाकडची जुनी माणसं काय म्हणतील? घरी फोनवर सांगितलं तर बाबा एवढंच म्हणाले, "स्वतःच्या लग्नात धोतर नेसला नाहीस आणि दुसऱ्याच्या लग्नात किल्ट?" ते रागाने बोलले नाहीत, पण ते वाक्य मनातून जात नाहीये.

बंदगळा घालून गेलो तरी कोणी काही म्हणणार नाही. इथे राहणाऱ्यांनी, इतिहास वाचणाऱ्यांनी आणि ज्यांना हे मुळीच पटत नाही त्यांनीही जरूर लिहा.

अबोली_लीथ

घाला. यजमानांनी आपणहून सांगितलंय, त्यांच्या आईने नाव दिलंय, यापेक्षा मोठी परवानगी कोणती?

एडिनबरात राहते. इथे रॉयल माइलवरच्या दुकानांत ॲक्रिलिकचे किल्ट टांगलेले असतात, सोबत लाल केसांचा टोप शिवलेली टोपी. ती चढवून रस्त्यात आरडाओरडा करत फिरणाऱ्या घोळक्यांकडे इथली माणसं कशी बघतात ते मी पाहिलंय. चेहरा कोरा करून बाजूने निघून जातात. पण लग्नात, पदवीदानात, २५ जानेवारीला कवी बर्न्सच्या आठवणीत होणाऱ्या जेवणाला कोणी परका माणूस व्यवस्थित किल्ट घालून आला तर त्याचं कौतुकच होतं. म्हातारी मंडळी तर जवळ येऊन मोजे नीट आहेत का ते बघतात आणि खुशाल वाकून फ्लॅश, म्हणजे मोज्यांवरच्या रंगीत फिती, सरळ करून देतात.

आमच्या गणपतीला शेजारची स्कॉटिश बाई येते. तिने एका काकूंकडून नऊवारी नेसायला शिकून घेतली, काष्टा सुटू नये म्हणून घरी सराव केला. ती आली की आम्हाला आपलं काही हिरावलं गेलंय असं वाटत नाही. तेच कोणी नऊवारी गुंडाळून चेष्टेचे फोटो काढले असते तर मी पहिली उठून बोलले असते. माझ्या लेखी फरक एवढाच आहे.

मोडी_वाचक

इतिहासाचं विचारलंत म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

"टार्टन म्हणजे घराण्याची खूण" ही समजूत आज खरी झालेली आहे, पण ती फार जुनी नाही. सोळाव्या शतकाच्या शेवटापासून हायलंड्समधले, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ भागातले, लोक जे वापरत ते 'फेलिअ मोर', म्हणजे एक लांबच लांब लोकरी वस्त्र. कमरेला पट्ट्याने आवळायचं, खालचा भाग गुडघ्यापर्यंत, वरचा खांद्यावर टाकायचा, पावसात डोक्यावरून घ्यायचा, रात्री तेच पांघरायचं. रंग आणि चौकडी बरीचशी गावच्या विणकरावर आणि जवळपास मिळणाऱ्या वनस्पतींवर अवलंबून.

आजचा आखूड, शिवलेल्या निऱ्यांचा किल्ट अठराव्या शतकातला. त्याचं श्रेय बरेच जण थॉमस रॉलिन्सन या लँकशरच्या क्वेकर पंथाच्या इंग्लिश कारखानदाराला देतात. १७२०च्या दशकात ग्लेनगॅरीच्या जंगलात त्याची लोखंडाची भट्टी होती आणि कामगारांना ते लांब वस्त्र कामात अडचणीचं व्हायचं. हे श्रेय वादग्रस्त आहे, त्याआधीही नुसता खालचा भाग नेसत असं म्हणणारे अभ्यासक आहेत. पण स्कॉटलंडच्या या राष्ट्रीय पोशाखाच्या घडणीत एका परक्याचं नाव घेतलं जातं, हे तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचं वाटतं.

पुढे १७४६ साली कलोडनला जॅकोबाइटांचा, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या पाठीराख्यांचा, पराभव झाला आणि त्याच वर्षी पार्लमेंटने कायदा करून स्कॉटलंडमधल्या पुरुषांना आणि मुलांना हा हायलंड पोशाख बंद केला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सापडला तर सात वर्षं समुद्रापार. सूट फक्त सरकारी फौजेतल्या हायलंड पलटणींना. म्हणजे ज्याला किल्ट घालायचा त्याने राजाची बंदूक खांद्यावर घ्यायची. ही बंदी १७८२ला उठली, तोवर एक अख्खी पिढी त्याशिवाय वाढली होती.

मग १८२२. राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला. जवळजवळ पावणेदोनशे वर्षांत राज्यावर असलेला एकही राजा तिकडे फिरकला नव्हता. स्वागताची सगळी आखणी कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने केली आणि सरदार-जमीनदारांना टार्टनमध्ये यायला सांगितलं. प्रत्येकाला "आपलं" टार्टन हवं होतं. बॅनॉकबर्नच्या विल्सन यांच्या मागांवर मागणीचा पूर लोटला. त्यांच्याकडे १८१९चं नमुन्यांचं पुस्तक तयारच होतं, आणि एरवी क्रमांकाने विकले जाणारे कित्येक नमुने पुढे घराण्यांच्या नावांनी विकले गेले. आपल्याकडे शिक्षणाच्या टिपणामुळे माहीत असलेला मेकॉले स्वतः हायलंड वंशाचा. त्याने आपल्या इंग्लंडच्या इतिहासात या प्रकाराबद्दल नाराजी नोंदवली आहे: जो पोशाख एकेकाळी दहांतले नऊ स्कॉट चोराचा मानत, तोच घालून राजाने त्यांचा मान राखल्याचं समजावं, हे त्याला रुचलं नव्हतं.

दक्षिणेकडच्या लोलंड्समधली जी कुटुंबं आज अभिमानाने किल्ट घालतात त्यांच्या खापरपणजोबांनी तो बहुधा कधी घातला नसेल. तुम्ही ग्लासगोत बसून हा प्रश्न विचारताय, तर तुमच्या आजूबाजूच्या बऱ्याच स्कॉटिश माणसांनीही तो असाच कुठूनतरी आपलासा केलेला आहे.

गवतीचहा

@मोडी_वाचक, माहिती सुंदर आहे, पण "हे सगळं नंतर रचलेलं" एवढ्यावर थांबलं की हायलंड्सच्या माणसांवर अन्याय होतो. वस्त्र खरं होतं, बंदी खरी होती, तुरुंगही खरा होता. त्याहून बोचणारी गोष्ट अशी की वरच्या लोकांत टार्टनची हौस वाढली त्याच काळात मेंढ्या पाळण्यासाठी कुळांना जमिनीवरून हुसकावलं जात होतं. ग्लेनगॅरीचा जमीनदार अलास्टर मॅकडॉनेल बघा. चित्रकार रेबर्नने काढलेलं त्याचं चित्र एडिनबराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे, नखशिखांत हायलंड पोशाखात. १८१५मध्ये त्याने 'खऱ्या हायलंडरांची' सभा काढली आणि स्वतःच्या कुळांना मात्र बेदखल केलं. सदरलंडमध्ये स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यातली घरं १८१४ आणि १८१९मध्ये रिकामी करवली गेली, पेटवली गेली. ती माणसं किनाऱ्यावर नाहीतर कॅनडात गेली.

तुमचा मित्र डिंगवॉलच्या बाजूचा आहे म्हणजे त्याच्या घरात या आठवणी असण्याची शक्यता आहे. २०११च्या जनगणनेत गेलिक बोलणारे सुमारे ५७ हजारच उरले होते. किल्ट जगभर गेला आणि तो नेसणाऱ्यांची भाषा मागे पडली. घालायला माझी ना नाही. फक्त लग्नात कोणी गेलिकमध्ये दोन ओळी म्हटल्या तर कान देऊन ऐका, नंतर जाऊन विचारा. तेवढ्यानेही त्या माणसांना बरं वाटतं.

डंडीकर

मी डंडीत जन्मलो. आई मिरजेची, बाबा सांगलीचे. मराठी घरात शिकलो, लिहिताना चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

या धाग्याचं शीर्षक वाचून थोडा वेळ थांबलो. "स्कॉटिश नसताना" म्हणजे कोण नसताना? मी इथल्या शाळेत गेलो. डिसेंबर आला की पीटीच्या तासाला सगळ्या मुलांना 'केली', म्हणजे इथले पारंपरिक सामूहिक नाच, शिकवतात, गे गॉर्डन्स, डॅशिंग व्हाइट सार्जंट. घामेजलेल्या हातांनी वर्गातल्या मुलींचे हात धरायचे, कोणाला सुट्टी नाही. शाळेच्या शेवटच्या समारंभाला सगळ्या मुलांनी किल्ट घातले, मीही घातला. तेव्हा मला कोणी विचारलं नाही. पहिल्यांदा विचारलं ते पुण्यात, मावसभावाने फोटो बघून. आणि दुसऱ्यांदा लंडनमध्ये एका इंग्लिश माणसाने, "तू खरंच स्कॉटिश आहेस का?"

हमझा युसफ, जे नंतर इथले मुख्यमंत्री झाले, त्यांनी २०१६ला स्कॉटिश पार्लमेंटमध्ये किल्ट घालून उर्दूत शपथ घेतली होती. आमच्या घरी टीव्हीवर ते बघताना आई एकदम गप्प झाली आणि मग म्हणाली, असंही करता येतं तर. शिखांसाठी सिंग टार्टन १९९९पासून आहे, पगडी आणि किल्ट अशी लग्नं ग्लासगोत होतातच. माझ्या स्वतःच्या लग्नात मी सकाळी सोवळं नेसून अंतरपाटामागे उभा होतो आणि संध्याकाळी किल्टमध्ये होतो. दोन्ही वेळा मी मीच होतो.

पंचवटीकर, दादा, तुमच्या बाबांच्या वाक्याला उत्तर किल्ट न घालण्यात नाही. पुढच्या गणपतीत धोतर नेसा आणि त्या मित्राला जेवायला बोलवा. बाबांना फोटो पाठवा.

पंचवटीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. @डंडीकर, तुझा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला.

आज दुकानात जाऊन माप देऊन आलो. टार्टन ठरलेलं आहे, मित्राच्या घराण्याचं, मॅकेंझी. गडद हिरवा, निळा, काळा आणि त्यातून बारीक पांढऱ्या नि लाल रेघा. कापड हातात घेतल्यावर त्याचं वजन जाणवलं, घोंगडीसारखं भरीव आहे. मापं घेणाऱ्या बाईंना विचारलं की मी हे घातलं तर चालेल ना. त्या म्हणाल्या, राजघराण्याचं बॅलमोरल टार्टन सोडलं तर कोणी काहीही घालावं, आणि इथे तर नवऱ्यामुलानेच निवडलंय.

कैलनाकाठ

गेले दोन दिवस वाचतोय, लिहावं की नाही ठरत नव्हतं. मॅकेंझी हे नाव वाचलं आणि लिहायला बसलो.

मी भोकरदन तालुक्यातला. कैलना आणि जुई या नद्यांच्या मधे असई गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ला तिथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांची इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीशी लढाई झाली. वेलस्लीच्या बाजूला दोन हायलंड पलटणी होत्या, ७४वी आणि ७८वी. यातली ७८वी मॅकेंझी घराण्याच्या प्रमुखाने १७९३मध्ये उभी केली. तिचं टार्टन कोणतं? मॅकेंझी. तुम्ही वर्णन केलंत तेच, हिरव्यानिळ्यावर पांढऱ्या आणि लाल रेघा.

त्या विजयाबद्दल या पलटणींना हत्तीचं चिन्ह मिळालं, हत्ती आणि त्यावर 'असई'. ७४वी पुढे ग्लासगोच्या हायलंड लाइट इन्फंट्रीत विलीन झाली, तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यात तो हत्ती शेवटपर्यंत होता. म्हणजे तुम्ही ज्या शहरात राहता तिथल्या हजारो पोरांनी आमच्या गावाचं नाव कपाळावर वागवलं. आमच्याकडे मात्र लढाईत पडलेल्या आपल्या गोलंदाजांची नावंसुद्धा कोणाला ठाऊक नाहीत. तोफेवरून न हटता तिथेच मेले ते लोक, हे शत्रूनेही लिहून ठेवलंय.

तुमच्या मित्राचा यात दोष नाही. तुम्ही घालू नका असंही म्हणत नाही. पण मी असतो तर मॅकेंझी घातलं नसतं. दुसरं कुठलंही चाललं असतं. नुसती चौकडी आहे ती, पण मला ती अंगावर सहन झाली नसती.

अबोली_लीथ

@कैलनाकाठ, लिहिलंत ते बरं केलंत. हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं इथे राहून.

सातारारोड

कैलनाकाठ यांची भावना समजते. थोडं वेगळं मांडतो.

स्कॉटिश माणसांशी मराठ्यांचा संबंध असईपुरता नाही. मराठ्यांचा पहिला मोठा इंग्रजी इतिहास लिहिणारा ग्रँट डफ स्कॉटलंडच्या बँफचा. साताऱ्यात रेसिडेंट असताना त्याने दप्तरं चाळली, कागद गोळा केले, १८२६ला तीन खंड काढले. त्याच्या चुका काढण्यातून आपल्याकडे इतिहाससंशोधनाची एक पिढी उभी राहिली. एल्फिन्स्टन स्कॉटिश. मुंबईत विल्सन कॉलेजची सुरुवात करणारे जॉन विल्सन लॉडरचे. माहीमचं बॉम्बे स्कॉटिश १८४७पासूनचं. यातले काही राज्य करायला आले, काही धर्म वाढवायला आले, काही शिकवायला. सगळ्यांना एका मापाने मोजता येत नाही आणि सगळ्यांना माफ करायचीही गरज नाही.

आणि पाइप बँड तर आपण आपलाच करून टाकलाय. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात पाइपवर धून वाजते तेव्हा कोणाला असईची आठवण होत नाही. ते वाद्य आता त्या जवानांचं आहे.

कैलनाकाठ

@सातारारोड, बँडचं मान्य. तो जवान आपल्या पलटणीसाठी वाजवतो. मी बोलतोय ते एका ठरावीक टार्टनबद्दल आणि एका ठरावीक गावाबद्दल. एवढं लहानच राहू द्या ते.

गवतीचहा

@कैलनाकाठ, ७८वीतली भरती बरीचशी लुईस बेटावरची आणि रॉसशायरची होती. घरी जमीन नाही, जमीनदाराने नाव पुढे केलं की जायचं, अशी गरीब पोरं. यामुळे असईत जे झालं ते हलकं होत नाही, पण त्या किल्टच्या आत कोण होतं हेही सांगावंसं वाटलं.

मागावरचा

इचलकरंजीत यंत्रमागाचा धंदा आहे, चौकडी शर्टिंग काढतो. आमच्या व्यवसायातलं म्हणून लिहितो, चर्चेला आडवं जात असेल तर क्षमस्व.

टार्टनमध्ये ताण्याचा रंगक्रम आणि बाण्याचा रंगक्रम तंतोतंत एकच असतो. तोच क्रम उलटसुलट येत राहतो, त्याला ते सेट म्हणतात. वीण दोन खाली दोन वर, ट्विलची. त्यामुळे दोन रंग जिथे एकमेकांवरून जातात तिथे सपाट मिश्रण न दिसता बारीक तिरक्या रेघा दिसतात. जवळून बघा, निळा आणि हिरवा भेटतो त्या चौकोनात डोळा लावून बघा, मग कळेल विणकराने काय केलंय.

खरी करामत पुढे शिवणाऱ्याची. आठ यार्ड कापड लागतं, म्हणजे सव्वासात मीटरच्या आसपास. बहुतेक वेळा दुप्पट पन्ह्याचं चार यार्ड घेऊन मधून कापून जोडतात. खालच्या कडेला दुमड नसते, कापडाची मूळ किनारच खाली येते, म्हणून किल्टचा घेर इतका सरळ पडतो. पुढून दोन सपाट पदर एकावर एक, बाकी सगळं कापड मागे निऱ्यांत. प्रत्येक निरी अशी मोजून घालायची की बाहेर दिसणाऱ्या पट्ट्या जोडून मागच्या बाजूला पुन्हा तीच अखंड चौकडी उभी राहावी. दुसरी पद्धत पलटणींची, त्यात प्रत्येक निरीवर एकच रेघ समोर येते, मागून उभे पट्टे दिसतात आणि चालताना आतले रंग उघडतात. कमरेपासून नितंबापर्यंत निऱ्या हाताने शिवतात, शिवताना वरच्या बाजूला प्रत्येक निरी किंचित निमुळती करावी लागते आणि तरी चौकडी हलता कामा नये. मग कच्चे टाके घालून वाफेची इस्त्री. कसलेल्या हातालाही एका किल्टला कामाचे कित्येक दिवस जातात.

हे काम मी प्रत्यक्ष हाताळलं आहे, एका गिऱ्हाइकाने दुरुस्तीसाठी आणलेला किल्ट होता. आतल्या अस्तराखाली कॅनव्हास होता, शिवणारीचे टाके तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान. असं कापड परक्याने घातलं म्हणून त्याचा मान कमी होत नाही. मान जातो तो नायलॉनवर चौकडी छापून विकल्याने.

पंचवटीकर

मित्राशी बोललो. असईचं सगळं सांगितलं, कैलनाकाठ यांचा प्रतिसाद तोंडी भाषांतर करून ऐकवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने त्याच्या वडिलांना फोन लावला. वडिलांचे काका सीफोर्थ हायलंडर्समध्ये होते. ७८वी पुढे त्याच रेजिमेंटमध्ये मिसळली. काकांच्या सामानात हत्तीचा बिल्ला असल्याचं त्यांना आठवत होतं. हत्ती का, ते घरात कोणी कधी विचारलं नव्हतं. "आफ्रिकेतला असेल असं वाटायचं," म्हणाले. असई नकाशावर कुठे आहे ते दाखवायला सांगितलंय त्यांनी मला, लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, सगळे जमतील तेव्हा.

मित्राची आई म्हणाली, तुला हवं ते टार्टन घे, दुकानात आयल ऑफ स्काय आहे, तेही छान दिसतं. मी विचार केला आणि मॅकेंझीच घालायचं ठरवलंय. कारण लिहितो. दुसरं टार्टन घेऊन मी त्या रांगेत उभा राहिलो असतो तर विषय तिथेच मिटला असता, सगळ्यांची सोय झाली असती. हे घालून, नकाशा पुढे ठेवून, आदल्या संध्याकाळी त्या माणसांसमोर बोलणं मला जास्त सरळ वाटतं. मी पलटणीचं कापड घालत नाहीये, ज्या घराने मला आपला म्हटलं त्या घराचं घालतोय. आणि ते पलटणीचंही आहे हे त्या घराला आता माहीत आहे.

बाबांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, गोलंदाजांचं विसरू नकोस सांगायला.

कैलनाकाठ

मी तरी घातलं नसतं. पण तुम्ही सांगणार आहात ते ऐकून समाधान वाटलं. असईला यायचं झालं तर मित्राला घेऊन या, माझ्याकडे उतरा. पावसाळ्यात मात्र येऊ नका, नदीपलीकडे जाता येत नाही.

मोडी_वाचक

दोघांनाही नमस्कार.

रानजाई

थोडं व्यावहारिक. नवरा दरवर्षी घालतो म्हणून सांगते. कमरेचं माप पँटच्या मापावरून देऊ नका, किल्ट बेंबीच्या रेषेत बसतो, पँटपेक्षा बराच वर. लांबी गुडघ्याच्या मध्यापर्यंत, गुडघे टेकून बसल्यावर कड जमिनीच्या जेमतेम वर राहावी. वरचा पदर उजवीकडे येतो, झालर उजव्या हाताला. पिन फक्त वरच्या पदराला लावायची, दोन्ही पदर एकत्र टोचलेत तर चालताना कापड ओढलं जाऊन फाटतं. कोटाखाली वेस्टकोट असेल तर पट्टा लावू नका.

आत काय घालायचं हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण भाड्याचा किल्ट आहे, तेव्हा अंतर्वस्त्र घाला. दुकानवालेही तेच सांगतात आणि स्वच्छतेच्या दृष्टीने तेच बरोबर आहे.

मोज्यात खोचायचा लहान सुरा, स्गीन डू, दुकानातून मिळेल. स्कॉटलंडच्या कायद्यात राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून तो जवळ बाळगायला सूट आहे. त्याच कलमात धार्मिक कारणासाठीची सूटही आहे, म्हणजे किरपाणाची आणि याची सोय एकाच ठिकाणी केलेली आहे. विमानाने जाणार असाल तर तो हातातल्या सामानात ठेवू नका.

शुभांगी_न

माझा एक प्रश्न. मीही अशाच एका लग्नाला जाणार आहे, साडीवर टार्टनचा सॅश (खांद्यावरून घ्यायचा पट्टा) घेतला तर विचित्र दिसेल का? यजमानीणबाईंनी भेट दिलाय.

रानजाई

@शुभांगी_न, अजिबात नाही. बायकांनी साधारणपणे उजव्या खांद्यावर पिनने लावायचा असतो, डावा खांदा घराण्याच्या प्रमुखाच्या पत्नीकडे जातो. साडीचा पदर डाव्या खांद्यावर असल्याने उजवा मोकळाच असतो, उत्तम बसेल. साडी एका रंगाची घ्या, चौकडीशी भांडणारी बुट्टी नको.

डंडीकर

दादा, जेवणानंतर 'केली' नाच असणारच. त्यातल्या स्ट्रिप द विलोत वेग फार असतो, समोरच्याचा कोपर घट्ट धरायचा, मनगट नाही, मनगट निसटतं. नाचायच्या आधी स्पोरन, म्हणजे पुढे लटकणारा बटवा, पुढून कमरेच्या बाजूला सरकवून घ्या, नाहीतर उड्या मारताना लागतो. सुरा काढून टेबलावर ठेवा. आणि पाणी प्या भरपूर, आठ यार्ड लोकरीत खूप गरम होतं.